क्रेडिट कार्ड घ्यायचं की बंद करायचं: स्कोअर सांभाळून, कोणत्या क्रमानं

"भाऊ, कार्ड तं मी केव्हाचंच तोडून टाकलं, मंग हे बाकी कायची?"

दारव्ह्याकडच्या एका शेतकऱ्यानं मोटारसायकलचं कर्ज नामंजूर झाल्यावर क्रेडिट रिपोर्ट, म्हणजे कर्ज आणि कार्डं कशी फेडली याची नोंद, जिच्यावरून स्कोअर ठरतो, माझ्यापुढे ठेवून हा प्रश्न विचारला. कार्ड त्यानं खरंच तोडलं होतं, कात्रीनं दोन तुकडे करून. बँकेत मात्र खातं उघडंच होतं. वर्ष भरल्यावर त्यावर ५०० रुपये वार्षिक फी लागली, त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ५९० रुपये. बिल जुन्या मोबाईल नंबरवर जात राहिलं. मग उशिराचा दंड, व्याज आणि रिपोर्टमध्ये महिन्यामागून महिना थकबाकी. एका पैशाची खरेदी न करता माणूस थकबाकीदार झाला.

अशा तीन चुका मला वारंवार दिसतात. कार्ड तोडणं म्हणजेच बंद करणं असं समजणं. मोठं कर्ज मागायच्या तोंडावर 'साफसफाई' म्हणून जुनं कार्ड बंद करणं. आणि एका ठिकाणी नकार आला की त्याच आठवड्यात आणखी चार ठिकाणी अर्ज टाकणं. तिन्ही चुका टाळता येतात, पण कामाचा क्रम सोडला तर नाही. म्हणून खालचे टप्पे त्याच क्रमानं घ्या.

## सुरू करण्याआधी: आपण कोणत्या कार्डाबद्दल बोलतोय?

गावात 'कार्ड' या एका शब्दात तीन वेगळ्या गोष्टी येतात.

एटीएमचं डेबिट कार्ड तुमच्याच खात्यातले पैसे काढतं. ते घेतल्यानं किंवा बंद केल्यानं स्कोअरला काहीही होत नाही.

किसान क्रेडिट कार्ड, म्हणजे केसीसी, हे पीक कर्जाचं खातं आहे. नावात 'क्रेडिट कार्ड' असलं तरी त्याचे नियम, व्याज आणि परतफेडीची तारीख सगळं वेगळं. क्रेडिट रिपोर्टमध्ये मात्र तेही दिसतं आणि थकलं तर स्कोअर तेही पाडतं. या लेखातली 'बंद करा' ही सूचना केसीसीला लावू नका.

तिसरं म्हणजे दर महिन्याला बिल येणारं क्रेडिट कार्ड. इथून पुढे 'कार्ड' म्हणजे हेच.

## टप्पा १: मोबाईल नंबर आधी, रिपोर्ट नंतर

लोक थेट स्कोअर बघायला धावतात. त्याआधी एक काम करा: बँकेत, पॅनला आणि आधारला तुमचा कोणता नंबर जोडला आहे ते बघा. रिचार्ज न केल्यानं सिम बंद पडतं, काही महिन्यांनी तोच नंबर कंपनी दुसऱ्याला देते, आणि तुमच्या बिलाचे एसएमएस परक्या माणसाच्या फोनवर वाजतात. कार्डाच्या बाबतीत गावाकडे होणारं निम्मं नुकसान मला इथूनच सुरू होताना दिसतं. नंबर बदलला असेल तर शाखेत जाऊन अर्ज द्या आणि कार्ड विभागात तो वेगळा बदलावा लागतो का हेही विचारा. बचत खात्यात बदललेला नंबर कार्डाच्या खात्यात आपोआप बदलेलच असं धरून चालू नका.

मग रिपोर्ट. भारतात कर्जफेडीच्या नोंदी ठेवणाऱ्या चार क्रेडिट कंपन्या आहेत: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे २०१७ पासून प्रत्येक कंपनीनं वर्षातून एकदा स्कोअरसह पूर्ण रिपोर्ट फुकट द्यायचा आहे. म्हणजे वर्षात चार रिपोर्ट विनाखर्च मिळतात. कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावर जा, पॅन, जन्मतारीख आणि मोबाईल टाका, ओटीपी द्या. मध्येच पैसे भरून घेण्याच्या योजना दाखवतात, त्या सोडून 'वार्षिक मोफत' हा पर्याय शोधा.

घरात बचत गटाचं किंवा मायक्रोफायनान्सचं कर्ज असेल तर एकट्या सिबिलवर थांबू नका, क्रिफ हाय मार्कचाही रिपोर्ट काढा.

सावध: महा-ई-सेवा केंद्रातून रिपोर्ट काढत असाल तर केंद्रचालकाचा नंबर टाकू देऊ नका. नंबर तुमचाच हवा, ओटीपी तुमच्याच फोनवर यायला हवा.

स्वतःचा रिपोर्ट स्वतः कितीही वेळा बघितला तरी स्कोअर कमी होत नाही. ही भीती मनातून काढून टाका. तुम्ही कर्ज किंवा कार्ड मागितल्यावर बँक जी चौकशी करते, तिची नोंद मात्र वेगळी होते आणि तिचा परिणाम होतो.

## टप्पा २: रिपोर्ट स्कोअरपासून नव्हे, खात्यांपासून वाचा

स्कोअर ३०० ते ९०० मध्ये असतो. ७५० च्या वर असेल तर बँका सहसा चांगला समजतात. आकड्याच्या जागी उणे १ किंवा 'इतिहास नाही' असं दिसलं तर घाबरू नका. पाटी कोरी आहे, एवढाच त्याचा अर्थ. कोरी पाटी आणि खराब पाटी यांच्यावरचे उपाय वेगळे आहेत.

आता खाली या आणि एकेक खातं बोटानं तपासा:

१. खातं तुमचंच आहे का? एकाच गावात सारखं नाव, सारखं आडनाव आणि वडिलांचंही सारखं नाव असलेली माणसं असतात. दुसऱ्याचं कर्ज तुमच्या रिपोर्टमध्ये शिरू शकतं.

२. तुम्ही कुणाला जामीन राहिला आहात का? पाहुण्याच्या ट्रॅक्टरसाठी दिलेली सही इथे 'जामीनदार' म्हणून दिसते. तो थकला तर डाग तुमच्याही रिपोर्टला लागतो.

३. किती दिवस थकलं ते दाखवणारा महिनावार तक्ता बघा. '०००' म्हणजे वेळेवर. ३०, ६०, ९० असे आकडे म्हणजे तितके दिवस उशीर.

४. खात्याची स्थिती बघा. 'क्लोज्ड', 'सेटल्ड' आणि 'रिटन ऑफ' या तीन शब्दांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. 'क्लोज्ड' म्हणजे पूर्ण फेडून बंद, 'रिटन ऑफ' म्हणजे बँकेनं बुडीत धरलेलं, 'सेटल्ड' वर पुढे बोलू.

५. शेवटी चौकशांची यादी. कोणत्या बँकेनं, कोणत्या तारखेला, कशासाठी रिपोर्ट मागवला ते तिथे असतं.

तपासा: तोडून टाकलेली, विसरलेली, 'फुकट आहे, घेऊन ठेवा' म्हणत गळ्यात मारलेली सगळी कार्डं या यादीत सापडली का? कागदावर लिहून घ्या: बँक, कधी घेतलं, लिमिट किती, वार्षिक फी किती, बाकी किती. पुढचं सगळं या कागदावर चालणार आहे.

## टप्पा ३: हंगामाचं आणि कर्जाचं कॅलेंडर मांडा

नोकरदाराचा पगार महिन्याला येतो आणि कार्डाचं बिलही महिन्याला येतं. आपल्याकडे सोयाबीनचा पैसा दिवाळीच्या आसपास, कापसाचा चुकारा त्यानंतर, तुरीचा त्याहून पुढे. जून ते सप्टेंबर नुसता खर्चच असतो. कार्डाला यातलं काही कळत नाही, त्याला दर महिन्याची तारीख कळते. म्हणून कार्ड घ्यायचं की बंद करायचं हे ठरवण्याआधी दोन तारखा लिहा.

पहिली: पुढच्या वर्षभरात मोठं कर्ज कधी लागणार आहे? ट्रॅक्टर, मोटारसायकल, घर, मुलीच्या शिक्षणाचं कर्ज, जे असेल ते. दुसरी: पीक कर्जाचं नवं-जुनं, म्हणजे जुनं फेडून नवं उचलणं, कधी करायचं आहे?

आता नियम सोपा आहे. मोठ्या कर्जाच्या अर्जाआधीच्या सहा महिन्यांत नवं कार्ड मागू नका आणि जुनं बंदही करू नका. कर्ज मंजूर होऊन पैसा हातात आल्यावर हवं ते करा. सहा महिने हा काही कायदा नाही, माझा सावधपणा आहे. नवी चौकशी आणि नवं खातं यांचा धक्का काही महिन्यांत ओसरतो, तेवढी जागा हातात असावी म्हणून.

दसऱ्याला ट्रॅक्टर आणायचा असेल तर कार्डाची कामं मार्चअखेरपर्यंत आटपा. तोवर चुकारेही आलेले असतात, त्यामुळे बाकी फेडायला हीच वेळ बरी.

## टप्पा ४: नवं कार्ड घेताना

नवं कार्ड घेतल्यावर एकाच वेळी तीन गोष्टी होतात. बँकेच्या चौकशीनं स्कोअर थोडा खाली येतो. नवं खातं जोडलं गेल्यानं तुमच्या खात्यांचं सरासरी वय कमी होतं, त्याचाही थोडा ताण पडतो. आणि एकूण लिमिट वाढतं, ज्याचा पुढे फायदा होतो. पहिले दोन परिणाम लगेच दिसतात, तिसरा नीट वापरलं तरच. म्हणून कार्ड घेतल्याबरोबर स्कोअर दहा-वीस गुणांनी उतरला तर काही बिघडलं असं समजू नका.

पहिली पायरी: अर्ज एकच. नागपूर-अमरावतीच्या मॉलमध्ये, पेट्रोल पंपावर, गाड्यांच्या शोरूममध्ये टेबल टाकून बसलेली पोरं 'फक्त पात्रता बघतो' म्हणत ओटीपी घेतात. ओटीपी कशाचा आहे तो एसएमएस पूर्ण वाचा. त्यात अर्जाचा किंवा रिपोर्ट मागवण्याच्या संमतीचा उल्लेख असेल तर ती चौकशी तुमच्या नावावर लागू शकते.

नकार आला तर लगेच दुसरीकडे जाऊ नका. अर्ज का नाकारला हे बँकेनं लेखी कळवायचं असतं. ते कारण मागून घ्या, ते दुरुस्त करा, मग पुढचा अर्ज. आठवड्यात चार चौकशा दिसल्या की पाचवी बँक समजते, या माणसाला पैशाची फार घाई आहे.

दुसरी पायरी: पाटी कोरी असेल तर मुदत ठेवीवरचं कार्ड. पगाराची पावती नाही, आयकर विवरण नाही, तर साधं कार्ड सहजी मिळत नाही. अनेक बँका मुदत ठेवीच्या तारणावर कार्ड देतात. ठेव तुमचीच राहते, तिच्यावर व्याज चालू राहतं, आणि लिमिट ठेवीच्या रकमेच्या आसपास किंवा थोडं कमी मिळतं. बिल थकवलं तर बँक ठेवीतून वळतं करते. हंगामी उत्पन्नाच्या माणसानं पहिलं कार्ड घ्यायचं तर मी हेच सुचवतो, कारण यात उधारीला आपोआप कुंपण पडतं. साधारण सहा महिन्यांच्या नोंदीनंतर कोऱ्या पाटीवर स्कोअर उमटतो.

तिसरी पायरी: फी विचारा, लेखी घ्या. 'पहिल्या वर्षी फुकट' आणि 'कायम फुकट' यांतला फरक विचारा. लेखाच्या सुरुवातीचे ५९० रुपये 'पहिल्या वर्षी फुकट' मधूनच उगवले होते.

चौथी पायरी: नको असलेलं कार्ड घरी आलं तर ते चालू करू नका. २०२२ च्या रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांनुसार कार्ड दिल्यापासून ३० दिवसांत तुम्ही ते चालू केलं नाही, तर बँकेनं ओटीपीनं तुमची संमती मागायची. संमती नाही मिळाली तर ७ कामकाजाच्या दिवसांत एक पैसाही न घेता खातं बंद करायचं. चालू न झालेल्या कार्डाची नोंद क्रेडिट कंपन्यांकडे पाठवायलाही मनाई आहे. म्हणून "बघू तर खरं" म्हणून पिन बसवू नका. पिन बसवला, ॲपमध्ये चालू केलं, की खातं खरं झालं.

## टप्पा ५: पहिले सहा महिने

या टप्प्यात दोनच गोष्टींवर लक्ष हवं: लिमिटमधलं किती वापरता आणि बिल कधी भरता.

वापराचं गणित असं. समजा लिमिट १५,००० रुपये आहे. पेरणीच्या वेळी तुम्ही कृषी केंद्रातून १,३५० रुपयांच्या डीएपीच्या १० बॅगा कार्डावर घेतल्या. १३,५०० झाले, म्हणजे लिमिटच्या ९० टक्के. तुम्ही ते पैसे वेळेवर भराल, पण स्टेटमेंट निघतानाच्या बाकीवरून रिपोर्टमध्ये ९० टक्के वापर उमटतो आणि असा माणूस पैशाला टेकलेला दिसतो. साधारण ३० टक्क्यांच्या आत रहावं असं सांगतात, म्हणजे या कार्डावर ४,५०० च्या आत.

जास्त खर्च करावाच लागला तर एक उपाय आहे: बिल निघण्याची वाट न बघता स्टेटमेंटच्या तारखेआधीच थोडी रक्कम भरून टाका. १०,००० आधी भरले तर स्टेटमेंटवर ३,५०० च उरतात. २०२५ पासून बँकांना ही माहिती निदान पंधरवड्याला पाठवावी लागते, त्यामुळे कमी झालेली बाकी पूर्वीपेक्षा लवकर रिपोर्टमध्ये येते.

रुपे क्रेडिट कार्ड आता यूपीआयला जोडता येतं. किराणा दुकानातला क्यूआर स्कॅन केला आणि पैसे बचत खात्यातून गेले की कार्डातून, हे घाईत लक्षात राहत नाही. घरात दोघं-तिघं एकच फोन वापरत असतील तर ॲपमध्ये बचत खातंच पहिलं ठेवा, कार्ड मुद्दाम निवडावं लागेल असं करा.

आता बिल. त्यावर दोन रकमा छापलेल्या असतात, पूर्ण आणि किमान. किमान भरली तर खातं थकीत धरत नाहीत, पण उरलेल्यावर व्याज चालू होतं, आणि नव्या खरेदीवरची बिनव्याजी मुदतही जाते. महिन्याला साडेतीन टक्के दर धरला तर वर्षाचे ४२ टक्के होतात. पीक कर्जाच्या दराची सवय असलेल्या माणसाला हा आकडा खरा वाटत नाही, पण तो खरा आहे. एटीएममधून कार्डावर रोख काढली तर पहिल्या दिवसापासून व्याज लागतं, वर काढण्याची फी वेगळी.

उशीर तीन दिवसांपेक्षा जास्त झाला तरच बँकेला खातं थकीत म्हणून कळवता येतं आणि उशिराचा दंड लावता येतो. ही सवलत राखीव समजा. नेटवर्क गेलं, सर्व्हर बंद पडला, जोडून सुट्ट्या आल्या, यासाठी ती आहे. भरणा शेवटच्या तारखेच्या चार-पाच दिवस आधीच करा.

सावध: बिल आपोआप कापलं जाण्याची सोय ठेवली असेल तर ती कोणत्या खात्यावर आहे ते बघा. खात्यात पैसे नसतील तर भरणा फसतो आणि दंड दोन्हीकडून लागू शकतो. पीएम किसानचे २,००० आले आणि रातोरात बिलात गेले, असंही होतं. चुकाऱ्यातून निदान तीन बिलांचे पैसे वेगळ्या खात्यात बाजूला ठेवा आणि कापणी तिथूनच लावा.

## टप्पा ६: बंद करण्याआधी कागदावर गणित

इथेच सगळ्यात जास्त गैरसमज आहे. "कार्ड कमी तं स्कोअर जास्त," असं बरेच जण मानतात. घडतं सहसा उलट.

वरचंच उदाहरण घ्या. १५,००० लिमिटच्या कार्डाबरोबर तुमच्याकडे ४५,००० लिमिटचं आणखी एक कार्ड आहे, वापर नाही, नुसतं पडून. एकूण लिमिट ६०,०००. खताचे १३,५०० म्हणजे साडेबावीस टक्के, ठीक. आता 'वापरत नाही' म्हणून ४५,००० वालं बंद केलं. खर्च तोच, बाकी तीच, पण वापर एकदम ९० टक्के. तुम्ही एक रुपयाही जास्त उचलला नाही आणि स्कोअर पडला.

दुसरा परिणाम वयाचा. बंद खात्याची जुनी नोंद लगेच पुसली जात नाही, कायद्यानं ती माहिती किमान सात वर्षं जपावी लागते. वेळेवर भरलेले महिने तुमच्या बाजूनं राहतात. तरी सगळ्यात जुनं कार्ड बंद केलं की चालू खात्यांमध्ये फक्त कोवळी खाती उरतात. म्हणून दोन कार्डांतलं एक सोडायचं असेल तर धाकटं सोडा.

बंद कधी करावं? वार्षिक फी आहे आणि त्या फीइतका उपयोग नाही, तेव्हा. कार्ड हातात असलं की खर्च आवरत नाही, तेव्हा तर नक्कीच. स्कोअर थोडा पडेल, पण ४२ टक्क्यांचं व्याज थांबेल. व्याजात घर बुडत असेल तर स्कोअरकडे बघू नका, बंद करा. हे मी पूर्ण जबाबदारीनं सांगतो.

फक्त फीचा प्रश्न असेल तर आधी बँकेला विचारा: हेच खातं ठेवून बिनफीच्या प्रकारात बदलून मिळेल का? खातं तेच राहणार की नवं उघडणार, हेही विचारा. आणि बिनफीचं जुनं कार्ड ठेवायचं ठरलं तर तीन-चार महिन्यांतून एखादा मोबाईल रिचार्ज त्यावर मारा आणि लगेच भरा. वर्षाहून जास्त काळ वापर नसेल तर बँक कळवून ते बंद करू शकते. तुमच्याकडून ३० दिवसांत उत्तर गेलं नाही तर खातं जातं.

## टप्पा ७: बंद करण्याचा क्रम

यातली एकही पायरी मागेपुढे करू नका.

१. जोडलेल्या वसुल्या काढा. महावितरणचं बिल, मोबाईल, डिश, विम्याचा हप्ता, फोनमधल्या ॲपची वर्गणी. कार्डावर आपोआप कापल्या जाणाऱ्या सगळ्या गोष्टी आधी दुसरीकडे वळवा. विम्याचा हप्ता यात चुकला तर नुकसान कार्डापेक्षा मोठं.

२. कार्डावरचे हप्ते बघा. फ्रिज, मोबाईल हप्त्यावर घेतला असेल तर कार्ड बंद करताना उरलेली सगळी रक्कम एकदम भरावी लागते, काही वेळा मुदतपूर्व फेडीची फीही. तेवढे पैसे नसतील तर थांबा, हप्ते संपू द्या.

३. खरेदीवर जमलेले बक्षिसाचे गुण (रिवॉर्ड पॉइंट) वापरून टाका. बंद झाल्यावर ते सहसा मिळत नाहीत.

४. वापर थांबवा आणि एक पूर्ण बिल येऊ द्या. घाई करणारे इथेच फसतात. शेवटचं बिल भरलं म्हणजे बाकी शून्य, असं नसतं. बिल निघाल्यानंतर केलेली खरेदी पुढच्या बिलात येते. आधी बाकी ओढत आला असाल तर बिलाच्या तारखेपासून भरण्याच्या तारखेपर्यंतचं व्याजही पुढेच येतं, मग ते ३७ रुपये का असेना. हेच ३७ रुपये वर्षभर थकीत म्हणून दिसतात. ग्राहक सेवेला फोन करून विचारा: "आज खातं बंद करायचं तर बिलात न आलेली रक्कम धरून एकूण किती भरू?" तो आकडा भरा, पावती ठेवा.

५. लेखी विनंती द्या. ॲप, ईमेल, हेल्पलाइन, संकेतस्थळावरची लिंक, कोणताही मार्ग चालतो. 'पोस्टानंच पाठवा' असा हट्ट बँकेला करता येत नाही. विनंतीचा क्रमांक घ्या, स्क्रीनचा फोटो काढा. घरच्या कुणाच्या नावावर जोडकार्ड असेल तर तेही बंद करा असं त्याच विनंतीत लिहा.

६. सात दिवस मोजा. बाकी शून्य असेल तर ७ कामकाजाच्या दिवसांत खातं बंद करणं बँकेला बंधनकारक आहे. त्यापुढे उशीर केला तर खातं बंद होईपर्यंत रोज ५०० रुपये तुम्हाला द्यायचे असतात. फोनवरचा माणूस फी माफ करतो, लिमिट वाढवतो असं सांगत राहील. ठरवलं असेल तर एकच वाक्य: "बंद करा आणि क्रमांक द्या."

७. बेबाकी दाखला घ्या. बाकी शून्य आणि खातं बंद, असं दोन्ही लिहिलेला. चुकून जास्त भरले असतील तर ते बँकेनं तुमच्या बचत खात्यात परत करायचे असतात.

८. आता कात्री. कार्ड तोडायचं ते इथे, त्याआधी नाही.

सावध: "तुमचं कार्ड बंद करून देतो, ओटीपी सांगा," असा फोन आला किंवा व्हॉट्सॲपवर एखादी एपीके फाईल आली तर ती फसवणूकच. नंबर नेहमी कार्डाच्या मागचा लावा.

### 'अर्धे भरा, मिटवून टाकू' याबद्दल

कार्ड खूप थकलं असेल तर वसुलीवाला ६०,००० ऐवजी २५,००० मध्ये मिटवायला तयार होतो. गावात मिटवामिटवी चांगली समजतात, त्यामुळे माणूस खुशीनं पैसे भरतो. रिपोर्टमध्ये मात्र त्या खात्यापुढे 'क्लोज्ड' ऐवजी 'सेटल्ड' असं लागतं, म्हणजे बँकेला पूर्ण पैसे मिळाले नाहीत. पुढची बँक ते वाचते आणि हात आखडता घेते. जमत असेल तर पूर्ण फेडा, हप्ते पाडून मागा, फक्त दंड आणि व्याजात सूट मागून बघा. आधीच तडजोड झालेली असेल तर बँकेला लेखी विचारा: उरलेली रक्कम भरली तर स्थिती 'क्लोज्ड' अशी कळवाल का? होकार कागदावर आल्यावरच पैसे भरा.

## टप्पा ८: महिन्या-दीड महिन्यानं पुन्हा रिपोर्ट

बंद झाल्याची माहिती बँकेनं ३० दिवसांच्या आत क्रेडिट कंपन्यांना कळवायची असते. म्हणून ४५ दिवसांनी रिपोर्ट काढा. सुरुवातीला एका कंपनीचा फुकट रिपोर्ट वापरला असेल तर आता दुसऱ्या कंपनीचा काढा.

तपासा: बंद झाल्याची तारीख आली का? चालू बाकी शून्य आहे का? थकलेल्या रकमेचा रकाना रिकामा आहे का? स्थिती 'क्लोज्ड' आहे ना?

स्कोअर थोडा उतरलेला दिसला तर त्यासाठी तक्रार करू नका. टप्पा ६ मधल्या गणितानं तो उतरणारच होता, बाकी खाती वेळेवर चालली की चढतो. तक्रार करायची ती चुकीच्या नोंदीसाठी.

नोंद चुकली असेल तर त्या क्रेडिट कंपनीच्या संकेतस्थळावर हरकत नोंदवा, बेबाकी दाखला जोडा, आणि त्याच दिवशी बँकेलाही ईमेल करा. एकाच ठिकाणी केली तर दोघं एकमेकांकडे बोट दाखवतात. दुरुस्ती ३० दिवसांत व्हायला हवी. न झाल्यास त्यापुढच्या प्रत्येक दिवसाचे १०० रुपये भरपाई मिळण्याचा तुमचा हक्क आहे. तक्रारीची तारीख आणि क्रमांक त्यासाठीच जपायचा.

बँकेनं ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा दिलेलं पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. फी लागत नाही, वकील लागत नाही. सीएमएस पोर्टलवर, म्हणजे रिझर्व्ह बँकेच्या तक्रारींच्या संकेतस्थळावर, तक्रार भरता येते, आणि कशी भरायची ते १४४४८ या क्रमांकावर मराठीतही विचारता येतं. सोबत चार कागद लावा: शेवटच्या भरण्याची पावती, बंद करण्याच्या विनंतीचा क्रमांक, बेबाकी दाखला आणि चूक दाखवणारं रिपोर्टचं पान. दारव्ह्याकडच्या त्या शेतकऱ्याजवळ यातला एकही कागद नव्हता. त्यानं आधी सगळी बाकी भरली, टप्पा ७ पहिल्या पायरीपासून केला, आणि मोटारसायकलचा अर्ज पुढच्या चुकाऱ्यावर ढकलला.